वालबुर्गावरची शिल्लक जागा

शिल्लक: ४४ किलो

आल्टनवांगेन गावात असा एकच माणूस होता की तो समोरून आला की लोक पोट आत घ्यायचे. हवाई जहाज कंपनीचा वजनमास्तर, क्विरिन हेगेले.

त्याच्या डोळ्यांत काही खोट नव्हती, पण माणूस बघितला की त्याला नाक, डोळे, मिशा वगैरे नंतर दिसायचं, आधी आकडा दिसायचा. चर्चमध्ये पाद्रीबुवा प्रवचनाला उभे राहिले की याच्या मनात यायचं, ९३. नाताळात ९१ होते. टपालवाला ७०, झोळीसकट ८२. शेजारची दाई ६६, आणि सायकलीवर बसली तरी ६६, सायकलीचे वेगळे. एकदा त्याच्या बहिणीने, आफ्राने, त्याच्यासाठी एक स्थळ आणलं होतं. मुलगी कशी वाटली विचारल्यावर तो म्हणाला, "चौपन्न." स्थळ गेलं.

अशा माणसाला हवाई जहाजावर नोकरी मिळणं हे ठरलेलंच. 'वालबुर्गा' एकशे चाळीस मीटर लांब होती. तिचा ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्यात गुरांच्या आतड्याच्या पडद्यांपासून शिवलेल्या सतरा गॅसच्या पिशव्या, वरून कापड, खाली वेताच्या खुर्च्यांची केबिन, आणि सगळ्यासकट तिचं वजन शून्य. शून्य म्हणजे शून्यच असायला हवं, आणि ते दर सकाळी आणून ठेवणं हे क्विरिनचं काम. इतके प्रवासी, इतकं पेट्रोल, इतकी थंड कोंबडी, इतकी वाइन, तर पाणी किती लिटर ओतायचं. मग हँगरमध्ये गावच्या व्यायाम मंडळाचे एकशे वीस गडी कुणी दोर धरून, कुणी जहाज खालून धरून उभे राहत. क्विरिन ओरडे, "हात सोडा!" गडी हात सोडत. वालबुर्गा होती तिथेच हवेत उभी राही, ना वर ना खाली. मग तिला चालवत बाहेर नेत.

तीन वर्षांत त्याने चार हजार माणसं आकाशात पाठवली होती. स्वतः एकदाही गेला नव्हता.

त्याच्या नेमणूकपत्रात अकरावं कलम होतं, आणि त्या कलमासाठीच त्याने ही नोकरी धरली होती. आधी तो धान्यबाजारात यापेक्षा बऱ्या पगारावर होता. कलम असं:

*सर्व प्रवासी, इंधन, खाद्यपदार्थ आणि सहाशे लिटर राखीव पाणी धरून एखाद्या उड्डाणात वजनमास्तरांच्या वजनाइतकी जागा शिल्लक राहिल्यास वजनमास्तरांनी विनामूल्य प्रवास करावा.*

नोकरीला लागला तेव्हा क्विरिन होता ८१ किलो. पहिल्या महिन्यात जागा उरली ४४. मग ५२. मग ३८. मग ४९.

कंपनी ८१ किलो कधी रिकामे ठेवणार नाही, हे त्याला पहिल्या हिवाळ्यातच कळलं. तिथून त्याने जेवण कमी केलं.


शिल्लक: ६१ किलो (गेल्या वर्षी, एकदाच)

"अरे, मसूर तरी खा."

"किती आहेत?"

"ताटलीभर आहेत! मसूर कुणी मोजतं का?"

"साडेतीनशे ग्रॅम," क्विरिन म्हणाला आणि चमचाभर घेऊन ताटली पुढे सरकवली.

आफ्रा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा बोटीवर वारल्यापासून ती भावाकडेच राहत होती. तिच्या हातच्या शेवयांना गावात नाव होतं, आणि घरातला एकुलता एक खाणारा त्या शेवयांकडे बघून हिशेब करायचा.

"वर आहे तरी काय एवढं?" ती म्हणाली. "गाव दिसेल. गाव तुला रोज दिसतं. तळं दिसेल. तळं तर खिडकीतून दिसतं, फुकटात."

"वरून दिसेल."

"मग चर्चच्या मनोऱ्यावर चढ!"

"मनोरा जमिनीला धरून असतो, आफ्रा."

तिने उरलेले मसूर भांड्यात परत ओतले, जरा आपटूनच.

गेल्या वर्षी जूनमध्ये एक कुटुंब आजारी पडलं आणि अचानक जागा निघाली ६१. क्विरिन तेव्हा ६३ होता. त्याने बूट काढले, पट्टा काढला, घड्याळ काढलं, मंडळातल्या न्हाव्याकडून तिथेच हँगरमध्ये डोकं भादरून घेतलं. ६१.२ झालं. मिशा उडवल्या. ६१.१. मग तो कोपऱ्यात जाऊन खूप वेळ थुंकत राहिला. ६१ झालं! अनवाणी, टकला, पँट हातात धरून तो शिडीकडे निघाला, आणि तेवढ्यात टपालवाला चार किलोची पत्रांची थैली घेऊन आला.

"राजाचं टपाल आहे, मास्तर," टपालवाला म्हणाला. "त्याला आधी जागा."

त्या दिवसापासून क्विरिन सकाळचा पावही बंद करून फक्त कॉफी प्यायला लागला.


तक्ता

आता तक्त्याचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तक्त्याचा.

कंपनी सुरू झाली तेव्हा प्रवाशांना खरोखरच तराजूवर उभं करत. गुरांच्या बाजारातून आणलेला मोठा तराजू होता. तिसऱ्याच दिवशी एक निवृत्त कर्नल त्यावर चढले, व्यायाम मंडळातल्या कुणीतरी आकडा मोठ्याने वाचला, दुसऱ्या कुणीतरी "बापरे" म्हटलं, आणि कर्नलसाहेब जे उतरले ते थेट वकिलाकडे गेले. डायरेक्टर श्टेकले यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी रातोरात ठरवलं की सभ्य माणसाला तोलणार नाही. सभ्य माणसाचं वजन त्याच्या पदवीवरून धरलं जाईल.

*व्यापार-सल्लागार: ८५*
*व्यापार-सल्लागारीणबाई: ७०*
*वैद्यक-सल्लागार: ७८*
*प्राध्यापक: ६९, प्राणिशास्त्राचे असल्यास ७३*
*पाद्री, कॅथलिक: ९०*
*पाद्री, प्रॉटेस्टंट: ७२*
*विधवा: पतीच्या पदवीप्रमाणे, वजा दोन*

तक्त्यावर शिक्का होता. त्यामुळे तो खरा होता. क्विरिनला दिसायचं की समोरचे ८५ चे सल्लागार प्रत्यक्षात १०३ आहेत. पण राजाने दिलेल्या पदवीला तू अठरा किलोने चुकलीस असं कोण सांगणार? म्हणून तो गुपचूप अठरा लिटर पाणी कमी ओतायचा आणि वहीत त्यासाठी एकच रकाना मोकळा होता तिथे लिहायचा: *हवेतील आर्द्रता, १८.*

तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं. फक्त श्टुटगार्टच्या एका प्राध्यापकाने या वह्या मागवून निबंध लिहिला की आल्टनवांगेनची हवा गुरुवारी, म्हणजे सल्लागारांच्या सहलीच्या दिवशी, युरोपात सर्वांत दमट असते, आणि याला तळं कारणीभूत असावं.


शिल्लक: ५९ किलो

ऑक्टोबरचा शेवटचा गुरुवार. सोमवारी वालबुर्गा कायमची उत्तरेकडे जाणार होती. कंपनीने तिकडे मोठं हँगर बांधलं होतं, तिकडे वजनमास्तर तिकडचा. इथल्या हँगरात दुधाच्या पेढीला जागा हवी होती. म्हणजे आज शेवटचं उड्डाण.

प्रवासी अठरा, सगळे 'राजपदवी मंडळा'चे, म्हणजे राजाकडून सल्लागाराची पदवी मिळालेले. मंडळाच्या नियमाप्रमाणे बायका नाहीत. बारीक बायका नाहीत म्हणजे समतोल साधायलाही कुणी नाही.

क्विरिनने तक्त्याप्रमाणे बेरीज केली. १४३२. पेट्रोल, कोंबडी तेवीस किलो, वाइन, सहाशे लिटर राखीव पाणी. वजा केलं. पुन्हा केलं. पेन खाली ठेवलं.

५९.

तो स्वतः त्या सकाळी ५८ होता.

मग सल्लागार आत यायला लागले. सगळ्यात पुढे व्यापार-सल्लागार श्निट्सर, साबणाच्या कारखान्याचे मालक. क्विरिनच्या डोळ्यांपुढे आकडा उभा राहिला, ११८. मागून वैद्यक-सल्लागार फिंक, ९७. मागून ८८, १०१, ९५, १०४. शेवटी छत्री घेतलेले, कुणाला तरी चुकवत आल्यासारखे, पुराभिलेख-सल्लागार त्सुमश्टेग, ६०.

खरी बेरीज झाली १६९०. जास्तीचे दोनशे अठ्ठावन्न. रोजचं काम असतं तर त्याने तेवढी 'आर्द्रता' लिहून पाणी सोडलं असतं. पण आज राखीव सहाशेच उरले होते, आणि त्याला हात लावायला कॅप्टन लोरेन्त्सन देत नसे. तो उत्तर समुद्रावर वाढलेला. पाणी खाली असो की पोटात, ते भरपूर असावं असं त्याचं मत.

म्हणजे खरं बोललं तर जागा नव्हती. कागदावर होती. कागदावर शिक्का होता.

तीन वर्षांची भूक क्विरिनच्या पोटात एकदम उठून उभी राहिली आणि त्याच्या आवाजात बोलली.

"डायरेक्टरसाहेब, कलम अकरा."

श्टेकलेंनी वही बघितली, त्याच्याकडे बघितलं. "वा, हेगेले! चला, शेवटच्या दिवशी तरी. किती आहात तुम्ही आता?"

"अठ्ठावन्न."

"माणूस आहात की कोट टांगायची खुंटी?"

क्विरिन शिडी चढला. गर्दीतून आफ्रा हाका मारत होती, हातात रुमालात बांधलेलं काहीतरी उंच धरून. "पाव आहे! बटर लावलंय!"

"चारशे ग्रॅम!" तो वरून ओरडला. "घरी ने!"


शिल्लक: काही नाही

"हात सोडा!"

क्विरिन केबिनमध्ये होता, म्हणून हे आज दोरवाल्यांचा नायक बेनेडिक्ट ओरडला. पिंप बनवणारा होता तो, आवाजही पिंपातूनच आल्यासारखा.

एकशे वीस गड्यांनी हात सोडले, आणि वालबुर्गा अलगद त्यांच्या खांद्यांवर येऊन बसली.

"धरा धरा धरा!"

"माझा खांदा!"

"ही बसली! अहो, ही खाली बसली!"

"कॅप्टन, जड आहे!"

"किती?"

"आम्हाला काय माहीत, आम्ही खाली आहोत!"

कॅप्टनने खिडकीतून डोकं बाहेर काढून आकाशाकडे बघितलं. आकाश टोस्टसारखं कोरडं होतं. "मास्तर, आर्द्रता?"

क्विरिनने वही मिटली.

गालिचा काढला. खुर्च्यांच्या उशा काढल्या. आरसा काढला. वाइन काढायला लागले तेव्हा सल्लागारांनी मंडळाची तातडीची सभा भरवली आणि वाइन हा मंडळाच्या उद्दिष्टांचा भाग असल्याचा ठराव एकमताने पास केला. अनुमोदन फिंक. जहाज जागचं हललं नाही.

"आता अकरा वाजलेत," कॅप्टन म्हणाला. "बाराला दक्षिणेचा वारा सुटेल. आडवा वारा आला की हिला दारातून बाहेर काढता येणार नाही, आज काय नि उद्या काय. मास्तर, माफ करा. तुम्ही उतरा."

क्विरिन उतरला. शिडीच्या पाच पायऱ्या. तो पाचवीवर जरा थांबला, मग फरशीवर पाय ठेवला.

"हात सोडा!"

वालबुर्गा खांद्यांवरच.

"अजून जड आहे!" बेनेडिक्ट म्हणाला. "मास्तर, तुम्ही उतरल्याचं हिला कळलंसुद्धा नाही!"

गडी हसले. क्विरिनला हसू आलं नाही. तो उतरूनही काही होत नव्हतं, म्हणजे तो फुकट उतरला होता. आणि फुकट उतरायचं असेल तर निदान खरं बोलून उतरावं, असं त्याला वाटून गेलं. इतकं मोठं काही वाटायची त्याला सवय नव्हती.

"तक्ता खोटा आहे," तो म्हणाला.

"हेगेले!" डायरेक्टर कुजबुजले. "शिक्का आहे त्यावर!"

"वर बसलेले साहेब लोक दोनशे अठ्ठावन्न किलोंनी जास्त आहेत. तीन वर्षं मी त्याला आर्द्रता म्हणत होतो. तराजू आणा."


गुरांचा तराजू

आणला. धूळ झटकली. डायरेक्टर एका पिंपावर बसले आणि कपाळ पुसत राहिले. त्यांना डोळ्यांपुढे अठरा वकील दिसत होते.

खिडकीतून व्यापार-सल्लागार श्निट्सर बघत होते. ते खाली आले. तराजूसमोर उभे राहिले. क्विरिनने त्यांच्याकडे बघितलंच नाही, वहीकडे बघितलं.

"मला त्यावर चढायला सांगताय?"

"सांगत नाही, सल्लागारसाहेब. विनंती आहे."

"बैलाच्या तराजूवर."

"गाईंसाठीही वापरतात, साहेब."

श्निट्सर चढले. काटा हलला, डोलला, थांबला. बेनेडिक्टला राहवलं नाही.

"एकशे अठरा!"

गड्यांतून कुणीतरी शीळ घातली. मग टाळी वाजली. मग सगळेच टाळ्या वाजवायला लागले, कारण व्यायाम मंडळाचे गडी होते. वजन उचलणाऱ्यांना वजनाचं कौतुक असतं.

श्निट्सर तराजूवरच उभे राहिले. हळूहळू त्यांची मान वर झाली.

"आणि तक्त्यात माझे किती होते?"

"पंच्याऐंशी, साहेब."

"पंच्याऐंशी!" त्यांनी डायरेक्टरकडे वळून पाहिलं. "तीन वर्षं तुम्ही मला पंच्याऐंशी समजत होता? आमच्या कारखान्यातला कारकून पंच्याऐंशी आहे!"

मग व्हायचं ते झालं. वैद्यक-सल्लागार फिंक धावत खाली आले. गेली वीस वर्षं ते मनात धरून होते की श्निट्सर आणि आपल्यात फार तर सात किलोंचं अंतर आहे.

"सत्त्याण्णव!" बेनेडिक्ट ओरडला. टाळ्या पडल्या, पण थंड.

"मी सकाळी नीट जेवलो नाही," फिंक म्हणाले. "पुन्हा घ्या."

"सत्त्याण्णवच, साहेब."

"मी जरा बाहेर जाऊन येतो."

ते गेले. बाकीचे एकेक करून उतरत, तोलले जात नि पुन्हा वर जाऊन बसत, आणि बेनेडिक्ट आकडे पुकारत राहिला. एकशे चार, टाळ्या. अठ्ठ्याऐंशी, "बरं, बरं." अठ्ठ्याऐंशीवाले बांधकाम-सल्लागार तोंड लांब करून व्यायाम मंडळाच्या सामानाकडे गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या कोटाच्या दोन्ही खिशांत डंबेल होते. एकशे दोन! फिंक परत आले ते सावकाश, पाय फाकवून, खडखड आवाज करत.

"एकशे एकवीस!"

श्निट्सरांचा चेहरा पडला.

"फिंकसाहेब," क्विरिन हळूच म्हणाला, "खिसे."

"खिशांत काय आहे?"

"चोवीस किलो तळ्यावरचे गोटे आहेत."

"हेगेले, मी तुमच्या आईला टायफॉइडातून वाचवलंय."

"ती टायफॉइडनेच गेली, साहेब."

"पण मी प्रयत्न केला की नाही?"

श्निट्सर आता बाहेर जाऊन पाण्याची बादली पिऊन आले. एकाने सोन्याचं घड्याळ खिशात टाकलं, दुसऱ्याने बेनेडिक्टचा हातोडा. एकाने आपल्या पोटाशी काय बांधलं होतं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. क्विरिनने चालू बेरीज केली. १६९० चे आता २१६० झाले होते.

घड्याळात अकरा पंचवीस.

कॅप्टन लोरेन्त्सन शिडीवर येऊन उभा राहिला. समुद्रावरचा माणूस, ओरडायचा तेव्हा पूर्ण ओरडायचा.

"पुरे! शंभरच्या वरच्या माणसाला हे जहाज उचलू शकत नाही! समजलं? या माणसांना उचलण्याची ताकद या यंत्रात नाही! हवं तर लेखी देतो!"

"द्या," श्निट्सर म्हणाले.

"काय?"

"लेखी द्या. एकशे चाळीस मीटरचं जहाज, तीन इंजिनं, आणि श्निट्सरला उचलू शकलं नाही. द्या लेखी. दिवाणखान्यात लावतो."


शिल्लक: वाढते आहे

*दाखला. व्यापार-सल्लागार श्री. श्निट्सर यांस 'वालबुर्गा' हे हवाई जहाज आज रोजी उचलू शकले नाही. सही, क्विरिन हेगेले, वजनमास्तर.*

श्निट्सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला, फुंकर मारून शाई वाळवली, आणि सगळ्यांना दिसेल असा छातीशी धरून उभे राहिले. आता वर जायची इच्छा कुणाला राहिली? जो वर जाईल तो उचलता येण्यासारखा ठरणार होता.

"मलाही."

"माझं नाव आधी लिहा, हेगेले. राजाने पदवी मला आधी दिली."

"'उचलू शकले नाही' याच्या आधी 'प्रयत्न करूनही' घाला."

"'वारंवार प्रयत्न करूनही'!"

क्विरिन पिंपावर वही ठेवून लिहीत सुटला. एकेक सल्लागार आपली काठी नि टोपी घेऊन शिडी उतरे, दाखला घेई, आणि दर वेळी वालबुर्गा दोरवाल्यांच्या हातात जराशी वर सरके. तिसऱ्या दाखल्याला खांदे सुटले. पाचव्याला हात सरळ झाले. दहाव्याला बेनेडिक्ट ओरडला, "पाणी भरा, पाणी! ही निघाली!"

नळी लावली. वीस-वीस लिटर आत जायला लागलं.

आठ उरले होते. घड्याळात अकरा तेहतीस. दक्षिणेच्या डोंगरांवर ढगांची पांढरी कड दिसायला लागली होती, आणि ती दिसली की वारा जवळ आला हे गावात प्रत्येकाला माहीत होतं.

"मास्तर," कॅप्टन खाली वाकून म्हणाला, "पाऊण वाजेपर्यंत थांबायचं नाहीये मला. बारालाही नाही. पावणेबाराला दार सोडतो. पेपरात उड्डाण जाहीर आहे, मी रिकामं जहाज घेऊन जाईन, पण जाईन. तुम्ही येणार असाल तर या."

क्विरिनचा हात थांबला. "जागा?"

"जागा? मोजा ना तुम्ही!"

त्याने मोजलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वजाबाकी बरोबर आल्याचा विश्वास वाटला नाही.

"हेगेले, तुम्ही कुठे जाताय?" डायरेक्टर श्टेकले पिंपावरून उठले. अठरा वकील त्यांच्या डोळ्यांपुढून नाहीसे झाले होते आणि चेहऱ्यावर रंग आला होता. "सहीचा अधिकार तुमचाच आहे. सगळे दाखले होईपर्यंत इथून हलायचं नाही. ही माणसं खूश आहेत, हेगेले! कंपनीच्या इतिहासात प्रवासी इतके खूश होऊन कधी उतरले नाहीत!"

"ते चढलेच नाहीत, साहेब."

"म्हणूनच!"

क्विरिन लिहीत राहिला. अक्षर मोडलं. 'वारंवार' चं 'वार' झालं, 'प्रयत्न' गळाला. दोन झाले, चार झाले. सहावे बांधकाम-सल्लागार, डंबेल काढायला सांगायलाही वेळ नव्हता. सातवे फिंक.

"एकशे एकवीस लिहा," फिंक म्हणाले.

"वजनाचा रकाना नाही यात, साहेब."

"असायला हवा. श्निट्सरपेक्षा तीन जास्त, हे कळायला हवं."

मागून दार उघडल्याचा आवाज आला, लोखंडी चाकांवरचा. "चला, उचला पाय!" बेनेडिक्टचा आवाज. एकशे वीस जोड्या बुटांचा आवाज. वालबुर्गा निघाली होती.

क्विरिनने फिंकसाहेबांकडे बघितलं. त्याला नेहमीप्रमाणे आकडा दिसला, ९७, स्वच्छ, आणि त्याच्याभोवती एक घामेजलेला म्हातारा दिसला, ज्याला आयुष्यात एकदा श्निट्सरच्या पुढे जायचं होतं. त्याने लिहिलं, एकशे एकवीस. आणि सवयीने पुढे, *आर्द्रता २४.*

"हे काय?"

"बढाई नाही, शास्त्र आहे," क्विरिन म्हणाला आणि पळाला.

आठवे, म्हणजे शेवटचे, पुराभिलेख-सल्लागार त्सुमश्टेग, रांगेत नव्हतेच. ते केबिनमधून उतरलेच नव्हते. खिडकीशी छत्री गुडघ्यांत धरून बसले होते आणि पळत येणाऱ्या वजनमास्तराकडे बघत होते.

"हेगेले! हेगेले, परत या!" डायरेक्टर ओरडत होते.

"पळ रे!" हे आफ्राचं. "पळ! तीन वर्षं जेवला नाहीस, निदान पळ तरी!"

वालबुर्गाचं नाक उन्हात आलं होतं. डाव्या बाजूचे दोरवाले थोडे मागे पडले, थोडे पुढे गेले, मध्ये वाट झाली. क्विरिन त्या वाटेने गेला. पाय हलके होते, हे त्याला आज उपयोगाचं वाटलं. शिडी वर ओढली जात होती. कारभारी फ्लोरियानने, जो केबिनमध्ये कोंबडी वाढायचा, खाली हात दिला आणि याला वर घेताना त्याला वाटलं की आपण रिकामा कोट उचलतोय.

"हात सोडा!"

वालबुर्गा हवेत उभी राहिली. ना वर ना खाली.

"सोडा दोर!"


वर

पाणी थोडं सुटलं, बागेतल्या झारीसारखं. इंजिनं सुरू झाली. माणसांचे चेहरे टोप्या झाले, टोप्या ठिपके झाले. सतरा ठिपक्यांच्या हातांत पांढरे चौकोन होते आणि ते वर बघत नव्हते, एकमेकांचे दाखले वाचत होते.

क्विरिन वेताच्या खुर्चीत बसला. हात मांडीवर ठेवले. हृदय धडधडत होतं, आणि त्याला वाटलं याचंही काही वजन असेल का.

"तुम्हाला दाखला नको होता, साहेब?" त्याने समोर विचारलं.

"साठ किलोच्या माणसाला कोण दाखला देतो," त्सुमश्टेग म्हणाले. "मला उचलता येतं हे सगळ्यांना माहीतच आहे. म्हटलं, मग उचलूनच घेऊ."

त्यांनी छत्री खाली ठेवली आणि नाक काचेला लावलं. खाली तळं होतं, सगळंच्या सगळं, पलीकडच्या किनाऱ्यासकट, आणि त्यावर वालबुर्गाची सावली सरकत होती, लांब, माशासारखी. "अहो! मास्तर! बघा, बघा! वाफेची बोट किती बारीक दिसतेय!"

पण फ्लोरियान ट्रे घेऊन आला होता.

"अठरा जणांची कोंबडी आहे," तो म्हणाला. "थंड. सोबत बटाट्याची कोशिंबीर. दोघांत कशी काय संपणार देव जाणे. थोडी देऊ का, मास्तर, की तुमचं ते…"

क्विरिन ट्रेकडे बघत राहिला. तेवीस किलो. ते त्याने सकाळी स्वतः लिहिले होते, खाद्यपदार्थांच्या रकान्यात, व्यवस्थित. म्हणजे ही कोंबडी जहाजावर आधीच होती. धरलेली होती. तिचं वजन वालबुर्गाला माहीत होतं. ती ट्रेमध्ये असो, कपाटात असो, की आणखी कुठे.

की आणखी कुठे.

"फ्लोरियान," तो म्हणाला. "समजा मी ही टांग खाल्ली. तर जहाज किती जड होईल?"

फ्लोरियानने विचार केला. "होणारच नाही की. ती इथलीच आहे."

"आणि दुसरी?"

"तीही इथलीच."

क्विरिनने टांग उचलली. मीठ, कातडीचा थंड गोळा, हाडाशी चिकटलेलं मऊ मांस. त्याने डोळे मिटले. दुसरी उचलली. मग कोशिंबीर, आधी चमच्याने, मग वाडगाच तोंडाला लावून. कोपरापर्यंत रस ओघळत होता. वालबुर्गा तसूभर हलली नाही. हात पसरलेल्या बाईसारखी ती तळ्यावर सरळ उभी होती, आणि त्याच्या पोटात काय जातंय याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

"मास्तर, तुमचं घर आलं!" त्सुमश्टेग म्हणाले. "चुलीचा धूर निघतोय. बघत नाही?"

"बघतो, साहेब," क्विरिन तोंड भरलेलं असताना म्हणाला. "एवढी छाती संपवतो आणि बघतो. फ्लोरियान, पाव आहे का रे?"